साडेचार इंची भिंत नऊ इंचीला मिळते तिथे गिलाव्याची पट्टी मधून का पळते?

विटकरी

नमस्कार मंडळी. इथे बांधकामवाले बरेच आहेत म्हणून धागा काढतेय. बाकीच्यांनी सांभाळून घ्या.

नाशिकला एका बंगल्याचं काम चालू आहे, तळमजला अधिक एक. नकाशे रेविटमध्ये (इमारतीचं त्रिमित मॉडेल आणि त्यातून नकाशे काढायचं सॉफ्टवेअर). बाहेरची भिंत म्हणजे बाहेरून २० मिमी सँडफेस गिलावा, मग २३०ची (नऊ इंची) वीट, आतून १२ मिमी जिप्सम. आतल्या भिंती साडेचार इंची: ११५ची वीट, दोन्ही बाजूंनी १२-१२.

डिटेल लेव्हल 'कोअर्स' (ढोबळ, थर न दाखवणारी) असेपर्यंत सगळं गोजिरवाणं दिसतं. 'फाइन' (सगळे थर दाखवणारी) केली की रडगाणं सुरू. आतली भिंत बाहेरच्या भिंतीला टेकते तिथे वीट विटेला भेटतच नाही, मधून जिप्समची पट्टी सरळ पळत जाते. नकाशा जसाच्या तसा मानला तर गवंड्याने आधी बाहेरच्या भिंतीला आतून जिप्सम मारून घ्यायचं आणि मग त्या जिप्समला साडेचार इंची भिंत चिकटवायची!

बरं, सगळीकडे असंही नाही. एकूण १४ सांधे आहेत. ५ एकदम स्वच्छ. ६ ठिकाणी ही पट्टी. उरलेल्या ३ ठिकाणी वीट विटेला भेटते, पण मध्ये एक बारीक रेघ राहते.

वॉल जॉइन्स घेऊन बट (एक टोक दुसऱ्याला टेकवणं), मायटर (दोन्ही टोकं तिरकी कापून जोडणं), स्क्वेअर ऑफ (टोक काटकोनात कापणं) सगळं करून पाहिलं. शेवटी काल रात्री दीड वाजता विटेच्या हॅचचे (तिरक्या रेघांच्या भरणीचे) फिल्ड रीजन, म्हणजे नकाशावर वरून चिकटवलेले नुसते रंगवलेले तुकडे, टाकून पट्ट्या झाकल्या. आज सकाळी क्लायंटने एक भिंत फूटभर सरकवायला सांगितली. भिंत सरकली, ठिगळ तिथेच लोंबकळत राहिलं.

कुणाला नीट उपाय माहीत आहे का?

नुसताच_वाचक

शीर्षक वाचून वाटलं जावा-जावांच्या भांडणाचा धागा आहे. पॉपकॉर्न परत ठेवतो.

फटकळ_फणस

ऑटोकॅडला दोन समांतर रेघा मारा, कोपऱ्यावर फिलेट (दोन रेघा कोपऱ्यात जोडणारी आज्ञा), त्रिज्या शून्य. टी सांध्याला ट्रिम. चौदा सांधे दहा मिनिटांत. सावंतवाडीत माझी वीस वर्षं अशीच गेली, एकाही गवंड्याने जिप्समला भिंत चिकटवली नाही.

गवंडी नकाशात गिलावा बघत नाही हो. तो लाइनआउट (जमिनीवरची भिंतींची आखणी) बघतो, दोरी मारतो आणि कामाला लागतो.

रेविटग्रस्त

@विटकरी, ठिगळं लावू नका, दुखणं वेगळीकडे आहे. बट, मायटर, स्क्वेअर ऑफ यांनी फक्त भिंतींची टोकं एकमेकींना कशी भिडतात ते बदलतं. कोणता थर कुणाला कापून आत शिरणार हे ठरतं भिंतीच्या टाइपमध्ये.

टाइप निवडा, एडिट स्ट्रक्चर उघडा. प्रत्येक थरासमोर फंक्शन असतं आणि त्यापुढे कंसात एक आकडा. स्ट्रक्चर १, सबस्ट्रेट २, थर्मल किंवा एअर ३, मग फिनिशचे दोन प्रकार ४ आणि ५. आकडा जितका लहान तितका थर दांडगा. मेंब्रेन या शर्यतीत नाही, त्याची जाडीच शून्य ठेवायची असते.

दांडगा थर समोरच्या भिंतीचा कमजोर थर कापून पुढे जातो. म्हणजे आतल्या भिंतीची वीट (१) बाहेरच्या भिंतीचं जिप्सम (५) कापून थेट तिथल्या विटेला (१) भिडायला हवी. तुमच्याकडे सहा ठिकाणी ती अडतेय, याचा अर्थ तिथलं जिप्सम ५ नाही. कुणीतरी त्याला स्ट्रक्चर करून ठेवलंय आणि बहुतेक कोअर बाउंड्रीच्या (भिंतीचा मुख्य गाभा दाखवणाऱ्या सीमेच्या) आतही ओढलंय. १ समोर १ आला की दोघेही मागे हटत नाहीत.

बारीक रेघेचं कारण वेगळं. दोन्हीकडे वीटच आहे, पण रेविटच्या लेखी ती दोन वेगळी मटेरियल आहेत. हॅच सारखा, रंग सारखा, नाव वेगळं. एकच मटेरियल असेल तरच रेघ पुसली जाते.

दोन्ही भिंतींचे थर आणि त्यांचे आकडे इथे लिहा, मग पुढचं बोलू.

शिकाऊ_उमेदवार

वाखु (वाचनखूण) साठवली. कॉलेजात आम्हाला हे कुणी सांगितलंच नाही. आम्ही सगळ्या थरांना स्ट्रक्चर ठेवायचो, कारण नवा थर घातला की आपोआप तेच येतं :(

रेविटग्रस्त

@शिकाऊ_उमेदवार, कॉलेज सुटल्यावरही लोक तेच ठेवतात. माझं निम्मं पोट त्यावर चालतं.

ओळंबा

मी निवृत्त साइट इंजिनिअर. रेविट मुलगी वापरते, मी फक्त तिच्या खांद्यावरून बघतो. तरी दोन शब्द.

फणसराव म्हणतात ते पूर्ण बरोबर नाही. सांधा कसा होणार हे गवंड्याला बाहेरची भिंत चढवताना कळावं लागतं, गिलाव्याच्या वेळी कळून उपयोग नाही. नऊ इंची भिंत वर येत असताना, साडेचार इंची जिथे मिळणार तिथे एका आड एका थराला दाते सोडायचे. नंतर आतली भिंत त्या दात्यांत गुंतवत वर न्यायची. साडेचार इंचीला मध्ये आरसीसी पट्टा येतो, त्याची सळईसुद्धा त्या सांध्यातूनच जाते. दाते विसरले तर मग छिन्नी-हातोडा घेऊन भिंत टोचत बसा. आतली भिंत दहा दिवसांनी नुसती टेकवून बांधली, की पहिल्या उन्हाळ्यात तिथे वरपासून खालपर्यंत उभी भेग.

म्हणून नकाशात वीट विटेत शिरलेली दिसली पाहिजे.

आमच्या वेळी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढायचो. टी सांध्याला रेघ पुढे गेली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने हलक्या हाताने खरवडायची. जोरात खरवडलं की कागदाला भोक. तोही एक क्लीन जॉइनच.

नुसताच_वाचक

काका, अवांतर विचारतो. आमच्या फ्लॅटमध्ये बीमच्या खाली, भिंत सुरू होते तिथे आडवी भेग आहे. दोनदा लांबी (पुट्टी) भरून रंग दिला, पुन्हा आली. हाच प्रकार का?

ओळंबा

चुलतभाऊ. काँक्रीट आणि वीट (किंवा ब्लॉक) उन्हाने वेगवेगळं हलतात, सांध्यावर गिलावा फाटतो. गिलाव्याआधी तिथे चिकनमेश, म्हणजे कोंबडीजाळी, दोन्हीकडे सहा-सहा इंच चढवून ठोकायची असते. किंवा मग सरळ खाच सोडायची, भेग पडायची ती खाचेत पडेल. तुमच्याकडे दोन्ही नसावं. नुसती लांबी भरून काही होणार नाही. पट्टाभर गिलावा काढून जाळी मारून घ्या.

चिरेबंदी

मुंबईत टॉवरच्या कामावर समन्वयक आहे. मला रेविटग्रस्त यांचा मार्गच मुळात पटत नाही. भिंतीत गिलावा घालायचाच कशाला?

आम्ही विटेची किंवा ब्लॉकची भिंत एकथरी काढतो. गिलावा, टाइल, पॅनलिंग या वेगळ्या पातळ भिंती, खोलीच्या बाजूने फिरवलेल्या. मग जॉइन जॉमेट्री (दोन वस्तू एकमेकींना जोडायची आज्ञा) केली की दार-खिडकीचं भोक दोन्हींतून आपोआप पडतं. सांध्याचा प्रश्नच उरत नाही: वीट विटेला मिळते, फिनिश खोलीच्या आत कोपऱ्याला कोपरा मिळतो. बाथरूमची टाइल सात फुटांवर संपवायची असेल तर त्या पातळ भिंतीची उंची सात फूट. थरांच्या भिंतीत हे करून दाखवा.

रेविटग्रस्त

दाखवतो की, त्याला व्हर्टिकली कंपाउंड वॉल म्हणतात, म्हणजे उंचीनुसार थर बदलणारी भिंत. पण मान्य, ते करताना केस पिकतात.

तुमच्या पद्धतीला विरोध नाही, पण तुमच्याकडे फिनिशच्या भिंती काढायला चार माणसं आहेत. विटकरीताई एकट्या दिसतात. बंगल्यात एक भिंत सरकवली की मागून तिच्या दोन पातळ भिंती, कधी तीन, आठवणीने सरकवायच्या. एक राहिली की हवेत तरंगणारा गिलावा. ठिगळापेक्षा वाईट.

चिरेबंदी

तरंगणारा गिलावा मी पाहिलाय. चौदाव्या मजल्यावर. माझाच होता.

मोजमाप

क्वांटिटीवाला इकडे. सांधा दिसतो कसा याच्याशी मला घेणं नाही, मोजतो कसा ते सांगतो.

विटकरी यांची सहा ठिकाणची पट्टी घ्या. ११५ मिमी रुंद, खोली ३ मीटर उंच धरली तर प्रत्येकी ०.३४५ चौ.मी. सहाचे २.०७ चौ.मी., म्हणजे साधारण २२ चौ. फूट जिप्सम. मटेरियल टेकऑफ (सॉफ्टवेअरने काढलेली मालाची मोजणी) ते निमूट बेरजेत धरतं, आणि ते भिंतीच्या पोटात असल्यामुळे कधी मारलंच जाणार नाही. बंगल्यात किरकोळ, शंभर फ्लॅटच्या इमारतीत कंत्राटदाराची दिवाळी.

पण सांधे स्वच्छ केले म्हणून आकडा बरोबर आला असं समजू नका. आपल्याकडे मोजणी आयएस १२०० ने (बांधकाम मोजणीच्या भारतीय मानकाने) होते. गिलाव्यात ०.५ चौ.मी. पर्यंतच्या भोकाची वजावट नाही. ०.५ ते ३ चौ.मी. मध्ये एकाच बाजूची वजावट, दुसरी बाजू कडांच्या गिलाव्यापोटी सोडून द्यायची. ३ च्या वर दोन्ही बाजू वजा आणि कडा वेगळ्या मोजायच्या. सॉफ्टवेअर मात्र भोक दिसलं की सरसकट कापतं. माझी तीन बिलं या फरकावरून परत आली आहेत, म्हणून इतकं पाठ आहे.

म्युनिकची_माई

मी आर्चिकॅडवाली (रेविटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर), मूळ सातारची, बारा वर्षं म्युनिकमध्ये. तिकडचं सांगते.

आर्चिकॅडमध्ये हे प्रकरण थराच्या नावाला नाही, मटेरियललाच जोडलेलं आहे. २०१३ साली आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक बिल्डिंग मटेरियलला ० ते ९९९ मधला एक अग्रक्रम असतो. तिथे मोठा आकडा जिंकतो, रेविटच्या बरोबर उलट. (नवऱ्याच्या ऑफिसात रेविट, माझ्यात आर्चिकॅड. घरात या विषयावर बोलायचं नाही असं ठरलंय.) काँक्रीट सगळ्यात दांडगं, मग वीट, मग इन्सुलेशन, शेवटी गिलावा. फायदा असा की भिंत, स्लॅब, बीम, कॉलम सगळे एकाच रांगेत बसतात.

न जुळणाऱ्या सांध्याची कारणं आमच्याकडे बहुतेक दोनच. एक, रेफरन्स लाइन (ज्या रेघेवर भिंत काढली जाते ती) समोरच्या भिंतीच्या रेफरन्स लाइनपर्यंत पोचलेली नसते. डोळ्यांना भिंत टेकलेली दिसते, पण रेघ आठ-दहा सेंटिमीटर अलीकडे थांबलेली. दोन, लेयरच्या सेटिंगमध्ये इंटरसेक्शन ग्रुपचा आकडा वेगळा. ग्रुप वेगळा असला की त्या भिंती एकमेकींना ओळखच दाखवत नाहीत. भाडेकरूंसारख्या.

इथे बाहेरून १६-२० सेंटिमीटर इन्सुलेशन असतं, त्यामुळे सांधा चुकीचा काढला तर केवळ शोभेचा प्रश्न राहत नाही. बाल्कनीचा स्लॅब अग्रक्रमाने इन्सुलेशन कापून बाहेर गेला की नकाशात स्पष्ट दिसतं: इथून घरातली ऊब बाहेर जाणार, आतल्या कोपऱ्यात बुरशी धरणार. तिथे काँक्रीटच्या मध्ये इन्सुलेशनचा वेगळा तुकडा बसवावा लागतो. सॉफ्टवेअरने कापलं म्हणून मला ते कळलं. फिल्ड रीजनने झाकलं असतं तर भाडेकरूच्या वकिलाकडून कळलं असतं.

फटकळ_फणस

माई, आमच्याकडे बुरशी कोपऱ्याकोपऱ्यात आणि इन्सुलेशन शून्य. जून ते सप्टेंबर चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते.

तरी काकांचा दात्यांचा मुद्दा मान्य. आमच्या चिऱ्याच्या भिंतीतही सांधमोड करूनच कोपरा गुंफतात, आणि ते मी आजवर एकदाही काढून दाखवलेलं नाही. चिरेकामवाल्याला माहीत असतं म्हणून चाललं. परवा नवी टोळी आली, त्यांनी पडवीची भिंत मुख्य भिंतीला नुसती टेकवून बांधली. मी गेलो तोवर कमरेएवढी झाली होती. पाडायला लावली, दिवसभराची मजुरी माझ्या खिशातून. पण रेविट घेणार नाही!

नुसताच_वाचक

अजून एक बाळबोध प्रश्न. आमची खोली नकाशात दहा बाय दहा, कपाटवाला मोजतो तर नऊ फूट अकरा इंच. ही चोरी की गिलावा?

मोजमाप

गिलावा. दहा फूट म्हणजे ३०४८ मिमी, विटेपासून विटेपर्यंत. दोन्हीकडचे १२-१२ गेले, उरले ३०२४. झाले की नऊ अकरा. कपाट नेहमी गिलाव्यानंतर मोजून करायचं.

रेविटग्रस्त

याचा मूळ प्रश्नाशी संबंध आहे, योगायोगाने. भिंत काढताना लोकेशन लाइन (भिंतीची जागा ज्या रेघेवरून ठरते ती) कोणती ठेवता? बहुतेक लोक वॉल सेंटरलाइन ठेवतात. बाहेर २० आणि आत १२ असताना भिंतीचा मध्य विटेच्या मध्याशी जुळत नाही, ४ मिमी सरकतो. मग कॉलमचा मध्य एक, भिंतीचा दुसरा, आणि कोपऱ्यावर दातेरी पायऱ्या. कोअर सेंटरलाइन (विटेचा मध्य) किंवा कोअर फेस (विटेची कड) ठेवा. उद्या टाइप बदलला, १२च्या जागी टाइल आली, तरी वीट जागची हलत नाही.

विटकरी

सगळ्यांना धन्स, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. आकडे आणले आहेत.

बाहेरच्या भिंतीचे दोन टाइप निघाले. एक मी केलेला, त्यात जिप्सम ५. दुसऱ्याच्या नावापुढे नुसतं "२" लिहिलेलं, जुन्या कामातून कॉपी-पेस्टने आलेला. त्यात जिप्सम स्ट्रक्चर १, कोअरच्या आत! अगदी रेविटग्रस्त म्हणाले तस्संच. उत्तर आणि पश्चिमेच्या भिंती त्या "२"च्या. पट्टीवाले सहाच्या सहा सांधे तिथलेच. कोअर बाउंड्री विटेला लावली, फंक्शन फिनिश केलं, ओके दाबलं. सहाही सांधे एका क्षणात स्वच्छ झाले. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

रेघेचंही तेच निघालं. एक मटेरियल "वीट", दुसरं "वीट " म्हणजे शेवटी एक स्पेस. अर्धा तास दोन्ही नावांकडे बघत होते.

आता उरले दोन प्रश्न. २३० बाय ४५०चे कॉलम भिंतीतच आहेत. ते ठेवले की वीट त्यांच्या आरपार दिसते. आणि पुढच्या दर्शनी भिंतीला दगडी क्लॅडिंग (बाहेरून लावलेला दगडाचा थर) आहे, ती कोपऱ्यावर गिलाव्याच्या भिंतीला मिळते तिथे घाण दिसतंय.

रेविटग्रस्त

शेवटच्या स्पेसला साष्टांग दंडवत.

कॉलम स्ट्रक्चरल आहेत ना? मग भिंत आणि कॉलम जॉइन जॉमेट्री करा, काँक्रीट वीट कापेल. कॉलम २३० आणि वीटही २३०, त्यामुळे गिलावा दोन्हीकडून सलग पुढे जाईल, प्रत्यक्षात जातो तसाच. मात्र आर्किटेक्चरल कॉलम वापरू नका. तो भिंतीचे थर अंगावर चढवून घेतो आणि भिंतीतच विरघळतो. वाड्याच्या सजावटी खांबाला तो ठीक.

चिरेबंदी

क्लॅडिंगचं मी सांगते, हा माझा प्रांत.

कोपऱ्यावर सॉफ्टवेअर गोंधळत नाहीये, निर्णय झालेला नाही म्हणून गोंधळ दिसतोय. बाहेरच्या कोपऱ्यावर दगड संपवला तर बाजूने पाहणाऱ्याला दगडाची जाडी आणि मागचं मॉर्टर दिसतं, बिस्किटाच्या पुड्याची कड दिसते तसं. तो दगड कोपरा वळवून बाजूच्या भिंतीवर न्या आणि आतल्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या चौकटीशी संपवा. रेविटमध्ये बाजूची भिंत स्प्लिट करायची, कोपऱ्याकडच्या तुकड्याला दगडाचा टाइप द्यायचा. मग कोपऱ्यावर दोन्हीकडे सारखेच थर, मायटर अगदी स्वच्छ बसेल. दोन्ही टाइपची लोकेशन लाइन कोअर फेसवर असेल तर विटेची रेघ सरळ राहील आणि दगड तेवढा पुढे येईल.

साइटवर मात्र दगडाला मायटर मारायचा का, हे कारागिराला विचारून ठरवा. पातळ दगडाची ४५ अंशाची धार हमखास टवके उडवते. आम्ही एक दगड दुसऱ्यावर चढवतो आणि नकाशात तेवढ्याच कोपऱ्याला बट करतो.

ओळंबा

चिरेबंदीबाईंना शंभर टक्के अनुमोदन. दगड कुठे संपवायचा हे ठरवायला मी मालकाला नेहमी रस्त्यावर उभं करायचो. नकाशावर सगळे हो म्हणतात.

फटकळ_फणस

तर एकंदरीत, दोन रेघा आणि फिलेट शून्य.

शिकाऊ_उमेदवार

फणसकाका, तुम्ही पाडलेल्या भिंतीची मजुरी आणि रेविटची वर्गणी यांचा हिशेब मांडू का?

फटकळ_फणस

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

विटकरी

कॉलम झाले. क्लॅडिंग वळवून स्नानगृहाच्या खिडकीशी संपवलं, क्लायंट उद्या रस्त्यावर उभे राहून बघणार आहेत (काका, आभार). १४ पैकी १४ सांधे स्वच्छ.

फक्त एक झालं. आज प्रिंट दिली, त्यात त्या रात्रीचं एक ठिगळ काढायचं राहिलं होतं. भिंत फूटभर सरकलेली, ठिगळ जुन्या जागी, जेवणघराच्या ऐन मध्यावर. क्लायंटच्या आई नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा खांब इथे कशाला गं? ताटं वाढायला अडचण होईल."

नुसताच_वाचक

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). पॉपकॉर्न परत आणले.

ओळंबा

साडेचार इंच बाय बारा मिलिमीटरचा खांब! त्यावर मजला उभा राहिला तर मला बघायला बोलवा.

मोजमाप

बिलात धरलाय का तो?

विटकरी

काढला हो, काढला!